एक हार्ड डिस्क, दोन संगणक

लहान संस्थेचे कामकाज आज बहुधा दोन संगणकांवर चालते. एक संगणक कार्यालयात किंवा अभ्यासिकेत असतो, तर दुसरा सचिवांच्या अथवा कोषाध्यक्षांच्या घरी. सभासदांची यादी, वर्गणीचा हिशेब, शिष्यवृत्तीचे अर्ज, सभांची इतिवृत्ते, कार्यक्रमांची छायाचित्रे ही सामग्री कधी इकडे लागते, कधी तिकडे. विद्यार्थ्यांचेही तसेच आहे. प्रकल्पाचे काम महाविद्यालयातील संगणकावर सुरू होते आणि रात्री घरच्या लॅपटॉपवर पुढे न्यावे लागते. अशा वेळी साहजिकच असा विचार येतो, की एक बाहेरून जोडण्याची हार्ड डिस्क घ्यावी आणि ती दोन्ही संगणकांना वापरावी. विचार योग्य आहे. खर्च एकदाच होतो आणि सर्व कागदपत्रे एका ठिकाणी राहतात.

परंतु या सोयीबरोबर दोन गैरसमज येतात. पहिला असा, की एक डिस्क एकाच वेळी दोन संगणकांना जोडता येईल. दुसरा असा, की डिस्कवर ठेवलेली गोष्ट सुरक्षित झाली. हे दोन्ही समज चुकीचे असून त्यांपायी अनेकांची वर्षानुवर्षांची सामग्री नाहीशी होते. म्हणून या लेखात आम्ही ही व्यवस्था कशी चालते, ती कोणकोणत्या रीतींनी करता येते आणि तिची मर्यादा कोठे आहे, हे शक्य तितक्या सोप्या शब्दांत मांडण्याचा प्रयत्न करीत आहोत. आम्ही संगणकतज्ज्ञ नव्हे, बँकेत कारकुनी करणारी माणसे आहोत. त्यामुळे उदाहरणेही खातेवहीचीच येतील, याबद्दल वाचकांनी राग मानू नये.

डिस्कच्या आत काय असते?

हार्ड डिस्क म्हणजे एक प्रचंड मोठी खातेवही आहे असे समजावे. तिच्यात लक्षावधी पाने आहेत. एखादी फाईल साठवली की तिचा मजकूर या पानांवर लिहिला जातो, आणि तो सलग पानांवरच असतो असे नाही. काही भाग चाळिसाव्या पानावर, तर काही भाग नव्वद हजाराव्या पानावर असू शकतो. म्हणून वहीच्या सुरुवातीला एक अनुक्रमणिका ठेवलेली असते. कोणती फाईल कोणत्या पानांवर आहे आणि कोणती पाने अद्याप कोरी आहेत, या दोन गोष्टी ही अनुक्रमणिका सांगते. ती बिघडली तर मजकूर जागच्या जागी असूनही सापडत नाही.

आता महत्त्वाचा भाग पुढे आहे. संगणक प्रत्येक वेळी ही अनुक्रमणिका डिस्कवर जाऊन वाचीत बसत नाही, कारण त्यात वेळ जातो. डिस्क जोडताच तो तिच्यातील आवश्यक भाग स्वतःच्या स्मृतीत उतरवून घेतो आणि त्यावरून काम करतो. तसेच लिहावयाचा मजकूर काही वेळा तो काही क्षण स्वतःजवळ राखून ठेवतो आणि सवडीने डिस्कवर उतरवतो. याचा अर्थ असा, की संगणकाच्या समजुतीत जे आहे आणि डिस्कवर प्रत्यक्षात जे आहे, त्यांत थोडे अंतर पडू शकते. एकच संगणक डिस्कचा मालक असेल तोवर या अंतराने बिघडत नाही.

दोघांना एकाच वेळी का जोडता येत नाही?

समजा, एकाच खातेवहीवर दोन कारकून बसवले आणि दोघांनीही कोऱ्या पानांची यादी आपापल्या चिठ्ठीवर उतरवून घेतली. दोघांच्या चिठ्ठीवर चाळिसावे पान कोरे आहे. पहिल्याने त्या पानावर एका खातेदाराचे खाते उघडले. दुसऱ्याला ते ठाऊक नाही, कारण तो स्वतःच्या चिठ्ठीकडे पाहत आहे. त्यानेही त्याच पानावर दुसऱ्या खातेदाराचे खाते लिहिले. आता त्या पानावर धड एकाचेही खाते राहिले नाही. दोघेही प्रामाणिक होते, दोघांनीही नियमाप्रमाणे काम केले, तरी वही नासली. दोन संगणक एकाच डिस्कवर थेट लिहू लागले तर नेमके हेच घडेल.

सुदैवाने यूएसबीची रचनाच अशी आहे, की एका उपकरणाचा एका वेळी एकच यजमान संगणक असतो. बाजारात मिळणारा यूएसबी हब एका संगणकाला अनेक उपकरणे जोडण्यासाठी असतो. त्याचा उलटा उपयोग, म्हणजे एक उपकरण अनेक संगणकांना जोडणे, होत नाही. दोन तोंडांची वायर घेऊन असा प्रयत्न कोणी करू नये. यूएसबी शेअरिंग स्विच नावाची डबी मात्र मिळते. तिच्यावरील बटण दाबले की डिस्क एका संगणकाकडून सुटून दुसऱ्याकडे जाते. तीही दोघांना एकत्र जोडीत नाही, केवळ वायर काढण्या-घालण्याचे श्रम वाचवते. बटण दाबण्यापूर्वी डिस्क रीतसर सोडवून घेणे तेथेही आवश्यकच आहे.

थोडक्यात, वापरणारे कितीही असोत, लिहिणारा हात एका वेळी एकच असला पाहिजे. पुढील तिन्ही रीती याच तत्त्वावर उभ्या आहेत.

पहिली रीत : आळीपाळीने

डिस्क आज या संगणकाला आणि उद्या त्या संगणकाला, ही सर्वांत सोपी व स्वस्त रीत. येथे पहिला प्रश्न येतो तो डिस्कच्या मांडणीचा. वरील अनुक्रमणिका कोणत्या पद्धतीने लिहावयाची, याचे निरनिराळे प्रकार आहेत आणि प्रत्येक संगणकाला प्रत्येक प्रकार वाचता येतोच असे नाही. डिस्क फॉरमॅट करताना हा प्रकार ठरतो.

विंडोजची नेहमीची मांडणी एनटीएफएस ही आहे. ती १९९३ साली विंडोज एनटीबरोबर आली. मॅक संगणक ही डिस्क वाचू शकतो, परंतु जादा सॉफ्टवेअर बसवल्याशिवाय तिच्यावर लिहू शकत नाही. लिनक्सला ती वाचता व लिहिता येते. मॅकची स्वतःची मांडणी पूर्वी एचएफएस प्लस ही होती आणि २०१७ पासून एपीएफएस ही आहे. या दोन्ही विंडोजला आपण होऊन वाचता येत नाहीत. उलट तो डिस्क फॉरमॅट करावी काय, असे विचारतो. गोंधळून होकार दिला तर आतील सर्व सामग्री नजरेआड होते. ही सूचना दिसली की प्रथम नकार द्यावा आणि डिस्क पूर्वी ज्या संगणकावर चालत होती त्याला जोडून पाहावी.

फॅट ३२ ही जुनी मांडणी जवळजवळ सर्व संगणकांना समजते. परंतु तिच्यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाईल बसत नाही. कार्यक्रमाचे तासाभराचे चित्रीकरण बहुधा याहून मोठे असते. अशा वेळी डिस्क अर्धीअधिक रिकामी असूनही जागा नसल्यासारखी सूचना येते आणि वापरणारा बुचकळ्यात पडतो. ही अडचण दूर करणारी एक्सफॅट ही मांडणी मायक्रोसॉफ्टने २००६ साली आणली. ती आजच्या विंडोज व मॅक या दोन्हींना वाचता व लिहिता येते. २०१९ साली मायक्रोसॉफ्टने तिचा तपशील खुला केला आणि त्याच वर्षी ती लिनक्सच्या गाभ्यातही समाविष्ट झाली.

मग कोणती निवडावी? दोन्ही संगणक विंडोजचे असतील तर एनटीएफएस. एक विंडोज व दुसरा मॅक असेल तर एक्सफॅट. दोन्ही अलीकडचे मॅक असतील तर एपीएफएस. विंडोज व लिनक्स अशी जोडी असेल तर एनटीएफएस किंवा एक्सफॅट यांपैकी कोणतीही. निवड डिस्क नवी असतानाच करावी, कारण नंतर फॉरमॅट करावयाचे म्हणजे आतील सर्व पुसून जाते.

एक्सफॅट निवडताना एक गोष्ट ध्यानात असावी. हिशेबात आपण आधी रोजकीर्द लिहितो आणि तिच्यावरून खतावणी करतो. मध्येच काम थांबले तर रोजकीर्दीवरून काय राहिले ते कळते. एनटीएफएसमध्ये अशी एक रोजकीर्द असते. लिहिता लिहिता वीज गेली तरी अनुक्रमणिका पुन्हा जुळवता येते, जरी त्या क्षणीची फाईल अर्धवट राहू शकते. एक्सफॅटमध्ये ही रोजकीर्द नाही, तेथे सरळ खतावणीच होते. म्हणून एक्सफॅटची डिस्क न सांगता उपटून काढणे अधिक धोक्याचे असते.

यावरून डिस्क काढण्याची शिस्त किती महत्त्वाची आहे हे लक्षात येईल. विंडोजमध्ये खालच्या पट्टीवर यूएसबीचे चिन्ह असते, तेथून ‘इजेक्ट’ करावे. मॅकमध्ये डिस्कच्या नावापुढील बाणावर क्लिक करावे. संगणकाने राखून ठेवलेला मजकूर उतरवून घेतल्यावर तो ‘आता काढा’ असे सांगतो, तेव्हाच वायर काढावी. २०१८ च्या अखेरीस आलेल्या विंडोज १० च्या आवृत्तीपासून बाहेरच्या डिस्कसाठी मजकूर राखून न ठेवता लगेच उतरवण्याची पद्धत मूळ धरली गेली आहे. त्यामुळे धोका कमी झाला, पण संपला नाही. प्रत चालू असताना वायर निघाली तर नुकसान आजही होते.

दुसरी खबरदारी लॅपटॉपवाल्यांसाठी. अनेकजण लॅपटॉप बंद न करता नुसते झाकण लावतात. संगणक त्या वेळी झोपलेला असतो, आणि त्याच्या स्मृतीतील अनुक्रमणिका जशीच्या तशी असते. या स्थितीत डिस्क काढून दुसऱ्या संगणकावर काम केले, आणि परत आणून पहिल्याला जोडून त्याला जागे केले, तर तो जुनीच यादी खरी मानून चालू शकतो. चाळिसाव्या पानाची गोष्ट येथेही घडू शकते. म्हणून झाकण लावण्यापूर्वी डिस्क सोडवून घ्यावी.

आणखी एक बारीक गोष्ट. १ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबीची दिसते आणि मॅकमध्ये १ टीबीचीच दिसते. यात दुकानदाराची लबाडी नाही आणि डिस्कमध्ये दोषही नाही. बनवणारा व मॅक हजाराच्या पटीने मोजतात, तर विंडोज १०२४ च्या पटीने मोजते, इतकाच फरक आहे. तसेच मॅकवर वापरलेल्या एक्सफॅट डिस्कवर विंडोजमध्ये टिंब व अधोरेषेने सुरू होणाऱ्या छोट्या फाईली दिसतात. त्या मॅकच्या स्वतःच्या टिपणाच्या असतात. त्या व्हायरस नव्हेत.

दुसरी रीत : एका संगणकामार्फत

दोन्ही संगणक एकाच इमारतीत असतील आणि दोघांवर एकाच वेळी काम करावयाचे असेल, तर डिस्क त्यांपैकी एकालाच जोडावी आणि दुसऱ्याने ती जाळ्यातून, म्हणजे नेटवर्कवरून, वापरावी. विंडोजमध्ये फोल्डरवर उजवे क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मधील ‘शेअरिंग’मध्ये ही सोय आहे. मॅक व लिनक्समध्येही ती आहे.

आजच्या बँकेचे उदाहरण येथे तंतोतंत लागू पडते. शेकडो शाखा एकाच खात्यावर व्यवहार करतात, तरी गोंधळ होत नाही. याचे कारण शाखेतील संगणक मूळ नोंदीला स्वतः हात लावीत नाही. तो मध्यवर्ती संगणकाला विनंती करतो आणि नोंद मध्यवर्ती संगणक करतो. दोन खिडक्यांवरून एकाच वेळी विनंत्या आल्या तरी तो त्या क्रमाने घेतो. नेटवर्कवरील डिस्कचे तसेच आहे. दुसरा संगणक ‘मला ही फाईल द्या’, ‘ही फाईल लिहून घ्या’ एवढेच सांगतो, आणि अनुक्रमणिका पहिल्याच्याच ताब्यात राहते. त्यामुळे मांडणीचाही प्रश्न उरत नाही. एनटीएफएसची डिस्क विंडोजला जोडलेली असेल तर मॅकवाला नेटवर्कवरून तिच्यावर लिहूही शकतो.

मात्र डिस्क सुरक्षित राहिली म्हणजे फाईलमधील मजकूरही सुरक्षित राहिला, असे नाही. सभासदांची यादी दोघांनी एकाच वेळी उघडली तर वर्ड व एक्सेलसारखे कार्यक्रम दुसऱ्याला सूचना देतात, की ही फाईल आधीच उघडलेली आहे आणि ती केवळ वाचता येईल. ती सूचना मानावी. साधा मजकूर लिहिण्याचे काही कार्यक्रम अशी सूचना देत नाहीत. तेथे जो शेवटी ‘सेव्ह’ करील त्याचेच लेखन उरते आणि आधीच्याचे श्रम वाया जातात. म्हणून कामाची वाटणी फोल्डरनिहाय करावी. वर्गणीचा फोल्डर एकाने लिहावा, शिष्यवृत्तीचा दुसऱ्याने, आणि वाचण्याची मुभा दोघांना असावी.

या रीतीत पहिला संगणक चालू असावा लागतो आणि वेग नेटवर्कवर अवलंबून राहतो. याचा हिशेब करून पाहण्याजोगा आहे. सेकंदाला १०० मेगाबिटचे जाळे पूर्ण क्षमतेने चालले तरी सेकंदाला साडेबारा मेगाबाइट सामग्री जाते. म्हणजे ५० जीबी छायाचित्रे पाठवावयास तासाहून अधिक वेळ लागेल. तीच डिस्क यूएसबी ३ च्या खाचेत थेट जोडली आणि सेकंदाला १०० मेगाबाइट वेग मिळाला, तर काम आठ-नऊ मिनिटांत होईल. तात्पर्य, रोजची कागदपत्रे नेटवर्कवरून न्यावीत, पण मोठा साठा हलवताना डिस्क थेट जोडावी.

तिसरी रीत : स्वतंत्र रखवालदार

कोणताही संगणक सतत चालू ठेवावयाचा नसेल तर डिस्कला स्वतंत्र रखवालदार देता येतो. काही वाय-फाय राउटरना यूएसबीची खाच असते. तेथे डिस्क जोडली की ती घरातील किंवा कार्यालयातील सर्व संगणकांना दिसते. याहून समर्थ साधन म्हणजे नॅस नावाची पेटी. ती दिसायला डिस्कची पेटी असली तरी वस्तुतः एक लहान संगणकच असते, आणि तिच्यात दोन किंवा अधिक डिस्क बसतात. दोन डिस्कवर एकच मजकूर लिहिण्याची सोय केली तर एक डिस्क बंद पडली तरी काम थांबत नाही. लहान संस्थेला हा खर्च जड वाटल्यास पहिल्या दोन रीती पुरेशा आहेत. राउटरची खाच वापरावयाची झाल्यास त्याचा पासवर्ड बदललेला असावा आणि डिस्क बाहेरच्या इंटरनेटवरून उघडी नसावी, एवढे मात्र पाहावे.

फाईल पोचते, अक्षरे पोचत नाहीत

मराठीत काम करणाऱ्यांना आणखी एक अडचण येते. कार्यालयात टाइप केलेले इतिवृत्त घरच्या संगणकावर उघडले की देवनागरीऐवजी रोमन अक्षरे व चिन्हांचा खिचडा दिसतो. पुष्कळांना वाटते की डिस्क खराब झाली. डिस्कचा त्यात काही दोष नसतो. श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक नसून रोमन अक्षराच्या जागी मराठी अक्षराचे चित्र बसवलेले असते. तो फाँट दुसऱ्या संगणकावर नसला की चित्र जाते आणि मूळचे रोमन अक्षर उघडे पडते.

यावर कायमचा उपाय म्हणजे युनिकोड. १९९१ साली आलेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीपासूनच देवनागरी तिच्यात आहे. युनिकोडमध्ये ‘क’ म्हणजे सर्व संगणकांवर ‘क’च असतो. दोन संगणकांवर फिरणारी प्रत्येक नवी फाईल युनिकोडमध्येच टाइप करावी. जुन्या फाईलींचे युनिकोडमध्ये रूपांतर करून घ्यावे, आणि तोपर्यंत तो फाँट डिस्कवर त्यांच्या शेजारीच जपून ठेवावा. ज्यांना फेरफार करावयाचा नाही, केवळ वाचावयाचे किंवा छापावयाचे आहे, अशांसाठी पीडीएफ प्रत ठेवली तर ही अडचण येत नाही, कारण अक्षरांची चित्रे बहुधा तिच्यातच अंतर्भूत असतात.

फाईलींची नावेही विचारपूर्वक द्यावीत. तिरपी रेघ, प्रश्नचिन्ह, विसर्गासारखी दोन टिंबे ही चिन्हे विंडोजमधील फाईलच्या नावात चालत नाहीत. तारीख लिहिताना आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असा क्रम ठेवला तर फाईली आपोआप कालानुक्रमे लागतात. ‘नवीन’, ‘नवीन २’, ‘अंतिम’, ‘अगदी अंतिम’ अशी नावे दोन संगणकांच्या व्यवहारात हमखास घोटाळा करतात.

व्हायरस आणि गोपनीयता

दोन घरांत ये-जा करणारी डिस्क रोगही नेते-आणते. २००८ साली पसरलेला कॉनफिकर हा व्हायरस नेटवर्कवरून जसा पसरला तसाच पेनड्राइव्हवरूनही पसरला. डिस्क जोडताच तिच्यातील कार्यक्रम आपोआप सुरू होण्याची जुनी सोय त्याच्या पथ्यावर पडली. विंडोज ७ पासून यूएसबी डिस्कसाठी ही सोय बंद करण्यात आली. नेटवर्कचा धोका २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्रायने दाखवून दिला. फाईलींना कुलूप लावून खंडणी मागणारा हा कार्यक्रम विंडोजच्या फाईल वाटपाच्या जुन्या पद्धतीतील दोषातून पसरला. तो दोष दूर करणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी ती बसवली नव्हती असे संगणक सापडले. दोन्ही संगणक अद्ययावत ठेवणे का आवश्यक आहे, हे यावरून कळेल. दोघांपैकी जो संगणक अशक्त, तितकीच सामाईक डिस्क अशक्त.

संस्थेच्या डिस्कवर विद्यार्थ्यांचे जातीचे दाखले, उत्पन्नाचे दाखले, आधारच्या प्रती आणि बँक खात्यांचे क्रमांक असतात. हे लोकांनी आपल्यावर विश्वास ठेवून दिलेले कागद आहेत. २०२३ साली संसदेने डिजिटल स्वरूपातील वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही केला आहे. कायद्याची गोष्ट बाजूला ठेवली तरी रिक्षात विसरलेली डिस्क कोणाच्याही हाती पडू शकते, हे उघड आहे. विंडोजच्या काही आवृत्त्यांत बिटलॉकर नावाचे कुलूप मिळते, परंतु ते मॅकवर सहजासहजी उघडत नाही. दोन भिन्न संगणक असतील तर दोन्हींवर चालणारे कुलपाचे सॉफ्टवेअर घ्यावे. पासवर्ड दोन जबाबदार व्यक्तींना ठाऊक असावा. तो हरवला तर डिस्क धडधाकट असूनही सामग्री गेली असे समजावे.

सामाईक डिस्क म्हणजे दुसरी प्रत नव्हे

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. सामाईक डिस्क आली की जागा मोकळी करण्यासाठी लोक दोन्ही संगणकांवरील मूळ फाईली काढून टाकतात. वापरणारे दोन आहेत म्हणून प्रतीही दोन आहेत असे वाटू लागते. वस्तुतः प्रत एकच उरलेली असते, आणि तीही घरून कार्यालयात व कार्यालयातून घरी हिंडणाऱ्या वस्तूवर. फिरत्या तबकडीच्या डिस्कमध्ये वाचणारा काटा तबकडीपासून काही नॅनोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीच्या हजारो पटींनी कमी अंतरावर, तरंगत असतो. चालू असताना ती हातातून पडली की एका क्षणात सर्व संपते. एसएसडीमध्ये फिरता भाग नसल्याने हा धोका कमी असतो, परंतु तीही अचानक बंद पडू शकते.

शिवाय सामाईक डिस्कवर एकाने पुसले की दोघांचेही पुसले जाते. येथे एक बाब अनेकांना माहीत नसते. विंडोजमध्ये नेटवर्कवरून पुसलेली फाईल सहसा रिसायकल बिनमध्ये जात नाही, ती थेट जाते.

यासाठी जगभर पाळला जाणारा ३-२-१ चा नियम आहे. अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोघ यांच्यामुळे तो रूढ झाला. महत्त्वाच्या सामग्रीच्या ३ प्रती असाव्यात, त्या २ निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांपैकी १ प्रत दुसऱ्या जागी असावी. लहान संस्थेला हे अवघड नाही. एक प्रत सामाईक डिस्कवर, दुसरी कार्यालयातील संगणकाच्या आतील डिस्कवर आणि तिसरी दुसऱ्या पदाधिकाऱ्याच्या घरी कपाटात ठेवलेल्या निराळ्या डिस्कवर किंवा इंटरनेटवरील साठ्यात. कपाटातील डिस्क महिन्यातून एकदा काढावी, प्रत घ्यावी आणि पुन्हा ठेवावी. ती कायम जोडून ठेवू नये, कारण खंडणीखोर व्हायरस जोडलेल्या सर्व डिस्कना कुलूप लावतो.

प्रत घेतली म्हणजे काम संपले असेही नाही. रोकड मोजल्याशिवाय तिजोरी बंद होत नाही, तशी प्रत उघडून पाहिल्याशिवाय ती झाली असे मानू नये. सहा महिन्यांतून एकदा त्या डिस्कवरील पाच-दहा फाईली दुसऱ्या संगणकावर उघडून पाहाव्यात. डिस्कमधून टकटक आवाज येऊ लागला, किंवा फाईली उघडण्यास फार वेळ लागू लागला, तर दुरुस्तीचे प्रयोग न करता आधी महत्त्वाच्या फाईली दुसरीकडे उतरवून घ्याव्यात. आणि चुकून काही पुसले गेले तर त्या डिस्कवर नवे काहीही लिहू नये. पुसलेल्या फाईलचे पान अनुक्रमणिकेत कोरे दाखवले जाते, पण त्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत मूळ मजकूर बहुधा शिल्लक असतो आणि जाणकाराला तो परत मिळवता येतो. हे फिरत्या तबकडीच्या डिस्कबाबत विशेष खरे आहे. एसएसडीत ही आशा फार कमी असते.

संस्थांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सुचवाविशी वाटते. पदाधिकारी बदलतात, आणि डिस्क जुन्या सचिवांच्या कपाटात राहून जाते. कोणाचा वाईट हेतू नसतो, पण संस्थेचा दहा वर्षांचा इतिहास एका घरातील खणात पडून राहतो. म्हणून डिस्कची नोंद डेड स्टॉक रजिस्टरमध्ये खुर्च्या-टेबलांप्रमाणेच असावी. तिचा अनुक्रमांक, खरेदीची तारीख, ती सध्या कोणाकडे आहे आणि शेवटची प्रत केव्हा घेतली, हे लिहिलेले असावे. पदभार देताना चेकबुक व शिक्क्यांबरोबर डिस्क व पासवर्डही सोपवावेत आणि पोच घ्यावी.

थोडक्यात

विद्यार्थी मित्रांनी व सभासदांनी पुढील गोष्टी कागदावर उतरवून संगणकाशेजारी लावल्यास उपयोग होईल.

१. डिस्क एका वेळी एकाच संगणकाला जोडावी. दोघांना एकत्र वापरावयाची असेल तर नेटवर्कवरून वापरावी.

२. मांडणी आधी ठरवावी. दोन्ही विंडोज असतील तर एनटीएफएस, विंडोज व मॅक असतील तर एक्सफॅट.

३. ‘इजेक्ट’ केल्याशिवाय वायर काढू नये आणि लॅपटॉपचे झाकण लावू नये.

४. ‘फॉरमॅट करावी काय?’ या प्रश्नाला विचार न करता होकार देऊ नये.

५. मराठी मजकूर युनिकोडमध्येच टाइप करावा.

६. दोन्ही संगणक अद्ययावत ठेवावेत आणि खासगी कागदपत्रांना कुलूप असावे.

७. तीन प्रती असाव्यात, एक दुसऱ्या जागी असावी, आणि ती अधूनमधून उघडून पाहावी.

यातील एकाही गोष्टीला तज्ज्ञाची गरज नाही आणि बहुतेक गोष्टींना पैसाही लागत नाही. लागते ती खातेवही सांभाळणाऱ्याची सवय. ज्यांच्याकडे आज अशी एखादी डिस्क आहे त्यांनी येत्या सुट्टीच्या दिवशी ती जोडून पाहावी, तिच्यावर अशा कोणत्या फाईली आहेत की ज्या अन्यत्र कोठेही नाहीत, त्यांची यादी करावी आणि त्या यादीतील फाईलींची दुसरी प्रत त्याच दिवशी घ्यावी, एवढीच आमची विनंती आहे.